पायरी नववी: घाबरू नये

आपल्याला आयुष्यात कशाचीच भीती वाटत नाही, असं श्यामकांत खानझोडे स्वतः सांगत. फक्त सांगण्याआधी बायको घरात नाही ना, एवढं पाहून घेत. कारण प्रमोदिनीबाईंना खरी यादी पाठ होती. पाल, लिफ्ट, इंग्रजीतून येणारे फोन, पोच न घेता दिलेला कागद, आणि 'तुमची खात्री आहे ना?' असं विचारणारी कोणतीही गोष्ट. मग ती माणूस असो की मशीन.

ही शेवटची भीती नोकरीतून आलेली. चौतीस वर्षं ते रायपूरच्या एका सरकारी कचेरीत होते, शेवटची नऊ वर्षं बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, म्हणून. त्या कचेरीत कागद जन्माला येई, पण मरत नसे. एखादा नष्ट करायचा झाला तर यादी, यादीवर तीन सह्या आणि वर्षभराची नोटीस. एवढं सगळं झाल्यावर 'असू द्या, उद्या कोणी मागितला तर' म्हणून तो पुन्हा कपाटातच जाई. आता अशा माणसाने, तुम्हीच सांगा, दुसऱ्याचा संगणक पुसून नवा करण्याच्या भानगडीत पडावं का? पण बुद्धी फिरायची वेळ आली की ती घड्याळ विचारत नाही.

झालं असं, की रायपुरातच, बूढापाऱ्यात तलावामागच्या गल्लीत, श्यामकांत ज्याचे सभासद त्या मराठी मंडळाचं वाचनालय आहे, आणि वाचनालयाच्या कोपऱ्यात एक संगणक आहे. त्यावर विमलाकाकूंनी जुन्या पडद्याचा शिवलेला अंगरखा असतो. ह्या संगणकाच्या आतली जी मूळ प्रणाली, जिच्या जिवावर बाकी सगळं चालतं, तिची देखभाल आता बंद, असं तिच्या कंपनीने जाहीर केलं. त्याच कंपनीची नवी प्रणाली घ्यावी तर ती ह्या म्हाताऱ्या मशीनवर चढेना. श्यामकांतांच्या वरच्या मजल्यावर स्नेहल राहते. ती नव्या रायपूरला संगणकाच्याच कंपनीत जाते, तिला मराठी सगळं समजतं आणि उत्तर ती हिंदीतून देते. ती जिन्यात म्हणाली, "अंकल, लिनक्स डाल दो ना. फ्री है, खुला है, पुरानी मशीन पे मस्त चलता है. कोई भी कर सकता है."

'कोई भी' हे दोन शब्द श्यामकांतांना फार लागले. मुलाने टाकून दिलेला लॅपटॉप त्यांनी माळ्यावरून काढला आणि लिनक्स एका पेन ड्राइव्हवर घेऊन बसले. पहिल्या खेपेला काळा पडदा आला आणि दोन दिवस गेलाच नाही. दुसऱ्या खेपेला भाषा निवडताना बोट घसरलं, आणि लॅपटॉप कुठल्याशा परदेशी भाषेत अतिशय नम्रपणे काहीतरी विचारत राहिला. तिसऱ्या खेपेला जमलं. तेव्हा ते स्वयंपाकघरात जाऊन प्रमोदिनीबाईंना म्हणाले की झालं, आणि त्या म्हणाल्या की मग आता टेबल मोकळं करा, मले भाजी निवडायची आहे.

पण त्या तीन खेपांत त्यांना एक गोष्ट कळली होती. इंटरनेटवर नवशिक्यांसाठी म्हणून जे काही लिहून ठेवलंय ते सगळं ज्यांना येतं त्यांनी लिहिलंय. पहिल्या ओळीत 'सोपं आहे' आणि दुसऱ्या ओळीत असं काही, की माणसाला स्वतःच्या शिक्षणाची लाज वाटावी. श्यामकांतांनी ठरवलं, खरी मार्गदर्शिका आपण लिहायची. मराठीतून, मुद्देसूद, अशी की ज्याने जन्मात माऊस धरला नाही त्यानेही एका बैठकीत संगणक नवा करावा. अकरा पायऱ्या, चौदा पानं, आणि प्रत्येक पायरीच्या शेवटी, कचेरीच्या शिरस्त्याप्रमाणे, बारीक अक्षरात एक टीप.

आता वाचनालयाच्या ह्या संगणकात काय होतं ते सांगायला पाहिजे, नाहीतर पुढची भीती तुम्हाला लागायची नाही. त्यात वधू-वर सूचीची फाईल होती. गोंदियापासून बिलासपूरपर्यंतच्या मराठी घरांतली चारशे बारा मुलं-मुली: उंची, शिक्षण, पगार, गोत्र, मंगळ आणि अपेक्षा. अकरा वर्षं ती जमवली होती मंडळाचे सचिव अनंतराव यांनी. अनंतराव रेल्वेत तिकीट तपासनीस होते, आणि निवृत्त झाले तरी समोरच्याकडे तो विनातिकीट असल्यासारखंच पाहत. ते वाचनालयात आले की लोक उभे राहत, कारण कोणाच्या ना कोणाच्या पोरीचा कागद त्यांच्याकडे असे. संगणकाच्या आधी ही सूची वहीत होती. त्या वहीवर एका सभासदाच्या हातून चहा सांडला, तर त्या सभासदाशी ते सात वर्षं बोलले नव्हते, आणि तो त्यांचा सख्खा साडू होता.

येत्या रविवारी मंडळाचा वधू-वर मेळावा होता. सूचीची छापील यादी त्या दिवशी वाटायची होती.

गंमत अशी, की नव्या प्रणालीला सगळ्यात जास्त पाठिंबा अनंतरावांचाच. कार्यकारिणीत कोणी कुरकुरलं की ते टेबलावर हात आपटत. त्यांनी मार्गदर्शिका वाचली आणि एकच अभिप्राय दिला. "श्यामकांतराव, आपले लोक मशीनले घाबरतात. भीती काढा त्याच्यातून. आल्या-गेल्या पायरीले लिहा, घाबरू नये." श्यामकांतांना हे फारच पटलं. त्यांनी अकराही पायऱ्यांत 'घाबरू नये' घातलं. नवव्या पायरीत तर, जिथे खरं काम होतं, तिथे त्यांनी लिहिलं: 'वरून दुसऱ्या गोलावर टिचकी मारावी. संगणक घाबरवणारे प्रश्न विचारील. घाबरू नये. प्रत्येक प्रश्नाला होय म्हणावे.'

बाकीच्यांचे अभिप्रायही आले. न मागता आले. विमलाकाकू म्हणाल्या की शेवटी फलश्रुती पाहिजे, हे सगळं केल्याने काय मिळतं ते कळल्याशिवाय कोणी बसत नाही. म्हणून बाराव्या परिच्छेदात 'जो कोणी ही स्थापना श्रद्धेने पूर्ण करील त्यास विषाणूबाधा होणार नाही' असं आलं. कोषाध्यक्ष सौमित्र हा सिलतऱ्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. त्याला वाचायला वेळ नव्हता, पण पानांवर क्रमांक घालायला त्याने सांगितलं. श्यामकांतांनी त्याच्याकडे दुसरा पेन ड्राइव्ह मागितला तेव्हा त्याने स्टोअरचा नियम सांगितला: जुना जमा करा, नवा न्या. एक असताना दुसरा कशाला, आधीचा भरला का? भरला नव्हता. मग विषय संपला.

सोमवारी श्यामकांतांनी सूचीच्या फाईलची प्रत त्या एकुलत्या एक पेन ड्राइव्हवर काढली. अनंतराव पाठीशी उभे होते. "फाईल उघडू नका," ते म्हणाले. "लोकायच्या घरच्या गोष्टी आहेत त्यात. नुसती उचला अन् ठेवा." श्यामकांतांनी उचलली आणि ठेवली. मंगळवारी अनंतराव काही कामासाठी दुर्गला बहिणीकडे गेले. बुधवारी श्यामकांतांनी घरी बसून पेन ड्राइव्हवर नवी प्रणाली चढवली, म्हणजे गुरुवारी वेळ जायला नको. सरावासाठी त्यांनी हे काम त्या महिन्यात इतक्यांदा केलं होतं की पडद्यावर काय विचारतात तेही ते आता वाचत नसत. जिन्यात स्नेहल भेटली. "अंकल, बॅकअप लिया ना?" तिने विचारलं.

"सोमवारीच घेतला," श्यामकांत म्हणाले, आणि असं म्हणताना त्यांना आपण फार जबाबदार माणूस आहोत असं वाटलं.

गुरुवारी सकाळी परीक्षा. मार्गदर्शिका खरी की खोटी हे ठरवायला त्यांनी कडक अटी घातल्या होत्या. करणारा अस्सल नवशिका पाहिजे, म्हणून मंडळाचा चौकीदार हिरालाल. पन्नाशीचा गडी, संगणकाला त्याने आजवर फक्त फडक्याने हात लावलेला. मराठी ऐकून-ऐकून सगळी समजणारा, पण वाचता येत नाही, म्हणून वाचणारा दुसरा पाहिजे. कचेरीत टपाल असंच निघे, एक वाचतो आणि दुसरा खूण करतो. वाचायला विमलाकाकू. आणि लिहिणारा खोलीत नसावा, कारण तो मध्येच समजावून सांगतो आणि परीक्षेचा विचका होतो. तेव्हा श्यामकांत बाहेर व्हरांड्यात, गजांच्या खिडकीशी, एक शब्द बोलणार नाही असं सर्वांसमक्ष कबूल करून उभे राहिले.

इथे दोन गोष्टी त्यांच्या ध्यानात यायला हव्या होत्या. विमलाकाकू चाळीस वर्षं श्रावणात पोथी वाचताहेत, आणि अध्याय सुरू झाला की संपेपर्यंत त्या थांबत नाहीत. एकदा वाचन चालू असताना टेबलफॅन अंगावर आला, तो त्यांनी डाव्या हाताने बाजूला सारला आणि ओवी पुरी केली. दुसरी गोष्ट हिरालालची. इकडच्या खेड्यांतला माणूस कथा ऐकतो ती हुंकारू भरत. सांगणाऱ्याच्या प्रत्येक वाक्याला 'हव'. हव थांबलं की समजायचं, ऐकणारा झोपला. हिरालाल लहानपणापासून उत्तम हुंकारू भरणारा म्हणून त्याच्या गावात नावाजलेला होता.

काकूंनी चष्मा पुसला, पुस्तिकेला हळदकुंकू वाहिलं आणि सुरुवात केली.

"पायरी पहिली. पेन ड्राइव्ह बाजूच्या खाचेत सरकवावा. घाबरू नये."

"हव." सरकवला.

"पायरी दुसरी. संगणक सुरू करावा."

"हव."

खिडकीशी श्यामकांतांचा ऊर भरून आला. पडदा निळा झाला, चिन्हं आली, आणि हिरालालचं बोट कसं, न चुकता, वरून दुसरं, खालून पहिलं असं पडत होतं. काकू तालात, हिरालाल तालात. आठवी पायरी झाली. असं काही आपण लिहू शकतो याचं श्यामकांतांना स्वतःलाच नवल वाटलं. चौतीस वर्षांत त्यांच्या एकाही टिपणीवर इतक्या लवकर कारवाई झाली नव्हती.

"पायरी नववी. वरून दुसऱ्या गोलावर टिचकी मारावी. संगणक घाबरवणारे प्रश्न विचारील. घाबरू नये. प्रत्येक प्रश्नाला होय म्हणावे."

"हव. हव. हव," हिरालाल म्हणाला आणि तीन टिचक्या मारल्या.

काकूंनी पान उलटलं. "टीप," त्या त्याच सुरात वाचू लागल्या. "ही पायरी पार पाडण्यापूर्वी जुन्या माहितीची प्रत अन्य वेगळ्या ठिकाणी ठेवली असल्याची खात्री करून घ्यावी."

'वेगळ्या' ह्या शब्दापाशी श्यामकांत अडकले. प्रत कुठे आहे? पेन ड्राइव्हवर. पेन ड्राइव्ह कुठे आहे? खाचेत. आणि खाचेत असलेल्या त्या पेन ड्राइव्हवर काय आहे? नवी प्रणाली आहे, जी बुधवारी आपणच चढवली, आणि चढवताना त्यावरचं जुनं सगळं पुसलं जातं. तसं पडद्यावर लिहून येतं, महिनाभर रोज लिहून येत होतं, आणि बुधवारीही त्याने विचारलं होतं की तुमची खात्री आहे ना. जन्मभर ज्या प्रश्नाला ते घाबरले, त्यालाच त्या दिवशी त्यांनी न वाचता होय म्हटलं होतं.

म्हणजे प्रत गेली बुधवारी, आणि मूळ फाईल जात होती आत्ता.

"काकू, थांबा," ते ओरडले. काकूंनी वाचता वाचताच तळहात वर केला. मध्ये बोलायचं नाही. श्यामकांत दाराकडे धावले. दाराला आतून कडी, कारण परीक्षेत कोणी यायला नको अशी त्यांचीच अट होती. ते पुन्हा खिडकीशी आले, गज धरले आणि हिरालालला हातवारे करू लागले. हिरालालला वाटलं बाबूजी शाबासकी देताहेत. तो लाजून हसला आणि दहाव्या पायरीला हव म्हणाला. काकूंनी अकरावी वाचली, फलश्रुती वाचली, पुस्तिका कपाळाला लावली आणि मग कडी काढून शांतपणे विचारलं, "काय म्हणत होते तुम्ही?"

बावीस मिनिटं लागली होती. जन्मात संगणक न चालवलेल्या माणसाने बावीस मिनिटांत, एकही चूक न करता, नवी प्रणाली बसवली होती. अख्ख्या देशात असं झालं नसेल. श्यामकांत पायरीवर बसले आणि त्यांना पाणी आणून द्यावं लागलं. हिरालाल अपराधी चेहऱ्याने पुन्हा पुन्हा सांगत होता, "काकू जइसन कहिस, वइसने करेंव बाबूजी." ते खरंच होतं. सगळ्यांनी लिहिल्याप्रमाणेच केलं होतं.

संध्याकाळी स्नेहलने येऊन दोन तास खटपट केली. संगणक पाहिला, पेन ड्राइव्ह पाहिला. जुन्या जागेवरच नवं सामान जाऊन बसलंय, म्हणाली. "सॉरी अंकल. उम्मीद मत रखिए." श्यामकांतांनी विचारलं की थोडं तरी, निदान मुलींची बाजू? ती नाही म्हणाली. फक्त टीप वाचून तिला एक शंका आली, ती तिने अतिशय अदबीने विचारली: "ये नीचे क्यों लिखा, अंकल? ऊपर क्यों नहीं?" टीप खालीच असते, एवढंच श्यामकांतांना सांगता आलं.

मग शुक्रवार उजाडला. अनंतराव दुपारच्या गाडीने यायचे होते. श्यामकांतांना पोळी गिळेना. डोळ्यांपुढे चित्रं येत होती. रविवारचा हॉल, बिलासपूरहून, राजनांदगावहून आलेली मंडळी, रिकामे हात पुढे करून यादी मागताहेत. अकरा वर्षं. चारशे बारा. एखाद्या पोरीचं आपल्यामुळे राहिलं तर? तिचा बाप रस्त्यात भेटला तर काय सांगायचं, टीप खाली होती म्हणून? आणि साडूला सात वर्षं, तेही नुसत्या चहासाठी. आपल्याला किती? ते त्रेसष्ट वर्षांचे होते. त्यांनी हिशेब केला आणि तो सोडून दिला.

मुंबईच्या मुलाकडे महिनाभर जाऊन यावं, असंही त्यांनी सुचवून पाहिलं. प्रमोदिनीबाईंनी कणीक मळताना वर पाहिलं. "जाऊन या. परत आल्यावर अनंतराव बूढापाऱ्यातच राहतील. सांगायचं ते आजच सांगा, एकदाच मरायचं ते रोज रोज काय मरता?"

मग त्यांनी टिपणी लिहिली. कचेरीची सवय, तोंडाने जे बोलवत नाही ते कागदावर बरं वाटतं. 'विषय: सूचीची फाईल उपलब्ध न राहणेबाबत.' चार मसुदे झाले. पहिल्यात फाईल नष्ट झाली होती, चौथ्यात ती नुसती आढळून येत नव्हती. पाचव्यांदा त्यांनी सगळं खोडलं आणि लिहिलं, 'माझ्या हातून गेली.' त्यापुढे काही लिहायची गरज उरली नाही.

साडेचारला ते अनंतरावांच्या ओट्यावर उभे होते. अनंतरावांनी दार उघडलं, तिकीट पाहावं तसं वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि खुर्ची दाखवली. श्यामकांत बसले नाहीत. कागद पुढे केला.

अनंतरावांनी कागद वाचला. पुन्हा वाचला. चष्मा काढला.

"पूर्ण गेली?"

"पूर्ण."

"अन् ती पेन ड्राइव्हवरची?"

"ती पण."

"कोणी परत आणू शकत नाही? ती वरच्या मजल्यावरची पोट्टी?"

"नाही म्हणते. उम्मीद ठेवू नका म्हणते."

"पक्कं?"

"पक्कं," श्यामकांत म्हणाले, आणि डोळे मिटले. अनंतराव उठल्याचं त्यांना ऐकू आलं. दार लावल्याचं ऐकू आलं. कडी घातल्याचंही. दाराजवळच्या कोपऱ्यात काठी असते हे त्यांना माहीत होतं. आता बसेल, कुठे बसेल एवढाच प्रश्न होता.

बराच वेळ काही बसलं नाही. त्यांनी एक डोळा उघडला. अनंतराव पलंगावर बसले होते आणि त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. रडताहेत असं वाटून श्यामकांतांच्या काळजाचं पाणी झालं. ते म्हणाले, मी घरोघरी जाईन, एकेक माहिती पुन्हा आणीन, तुम्ही मले काहीही म्हणा. तेव्हा अनंतरावांनी हात काढले. ते रडत नव्हते. डोक्यावरचं ओझं उतरलेल्या हमालासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

"बसा हो, बसा आधी," ते म्हणाले. आवाज अगदी बारीक. "तुमाले एक सांगतो. प्रमोदिनीवहिनीलेही सांगायचं नाही."

आणि त्यांनी सांगितलं. दोन दिवाळ्यांपूर्वी त्यांनी त्या फाईलला कुलूप लावलं होतं, पासवर्ड, कारण एक बाई येता-जाता मुलांचे पगार पाहून जायची. आणि लावल्याच्या आठवड्यात ते पासवर्ड विसरले. सगळ्या देवांची नावं घालून पाहिली. बायकोचं, तिच्या माहेरचं, गोंदिया ते रायपूर सगळी स्टेशनं, येतानाच्या क्रमाने आणि जातानाच्या. फाईल उघडली नाही ती नाहीच. दोन वर्षं ते कपाळावर बोट ठेवून 'उद्या सांगतो' म्हणत होते, आणि आठवेल तेवढं सांगत होते. लोकांना वाटायचं, काय स्मरणशक्ती आहे. नवी प्रणाली आली की जुनी कुलपं आपोआप उघडतील अशी त्यांची आशा होती, म्हणून एवढा जोर. पण मेळावा जवळ आला तशी ती आशाही आटली आणि त्यांचं धाबं दणाणलं.

"दुर्गले काही काम नव्हतं मले," ते म्हणाले. "भिऊन जाऊन बसलो होतो. रविवारी यादी मागतील, काय देऊ? दोन वर्षं झाली श्यामकांतराव, मंडळाच्या गल्लीत शिरलो की छातीत धडधडते."

श्यामकांत आता कुठे खुर्चीवर बसले. ज्याला सगळा बूढापारा घाबरतो तो माणूस समोर बसला होता आणि त्याचे हात आपल्यासारखेच कापत होते. त्यांना एकाएकी फार वाईट वाटलं, आणि तितकंच हलकंही. मग अनंतरावांनी आतून पेढे आणले, दुर्गहून आणलेले, आणि एक उचलून त्यांच्या हातावर ठेवताना खरी गोष्ट काढली.

"आता एवढं करा. गेली ती तुमच्याच हातून गेली, असंच राहू द्या. खोटं नाही त्यात काही. पण त्याच्या आधीचं..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही.

आता बघा, हा सौदा कोणाच्या फायद्याचा? चौतीस वर्षं एक कागद हरवला नाही अशी ज्यांची कीर्ती, त्यांनी रविवारी भर सभेत उभं राहून म्हणायचं की अकरा वर्षांचं काम मी पुसलं. त्यांनी नाही म्हणायला तोंड उघडलं. पण पेढा तोंडात होता, आणि समोरचे हात अजून कापत होते. ते हो म्हणाले.

रविवारी त्यांनी ते म्हटलं. तोंडचं पाणी पळालं होतं, तरी म्हटलं. हॉलमध्ये आधी कुजबुज, मग जे व्हायचं ते झालं. कोणी म्हणालं, बड्या बाबूंना कोणी सांगितलं होतं उपद्व्याप करायला. सौमित्र म्हणाला की तरीच दुसरा पेन ड्राइव्ह मागत होते. शेवटी अनंतराव उठले, सभेला हाताने शांत केलं, आणि मोठ्या मनाने, सगळ्यांसमोर, श्यामकांतांना क्षमा केली. टाळ्या पडल्या. फाईल पुसली गेली तेव्हा झालं नाही एवढं दुःख श्यामकांतांना त्या टाळ्यांनी झालं. प्रमोदिनीबाई पहिल्या रांगेत बसून पायांकडे पाहत होत्या.

मग विमलाकाकूंनी सुचवलं की सगळे आलेच आहेत तर आत्ताच नव्याने लिहून घ्या. तिथेच कोरे कागद वाटले, लोक मांडीवर पुस्तकं ठेवून भरू लागले, आणि भरता भरता जे बाहेर आलं ते निराळंच. चारशे बारांपैकी बहुतेकांची लग्नं कधीच झाली होती. जुन्या सूचीतली एकशे सातवी मुलगी आपल्या मुलाला कडेवर घेऊन भावाचा कागद भरत होती. संध्याकाळपर्यंत त्र्याण्णव कागद जमले, सगळे ताजे, आणि निघता निघता बिलासपूरच्या दोन घरांनी एकमेकांचे नंबरही घेतले. लोक जाताना अनंतरावांना नमस्कार करून गेले आणि श्यामकांतांना, सावध राहा हो, एवढं सांगून गेले.

मार्गदर्शिकेची दुसरी आवृत्ती महिन्याभरात निघाली. स्नेहलने ती तिच्या ओळखीच्या लिनक्सवाल्यांना पाठवली, आणि आता म्हणे नागपूरला, अकोल्यालाही ती वाचून लोक संगणक नवे करतात. टिपा सगळ्या वर गेल्या आहेत. 'घाबरू नये' हे शब्द अकराही ठिकाणांहून काढले. पहिली पायरी आता अशी आहे: 'प्रथम घाबरावे. कशाकशाला घाबरायचे त्याची यादी पान दोनवर आहे. घाबरून झाल्यावर दोन वेगळ्या ठिकाणी प्रती काढाव्यात व पुढे चलावे.'

सूची नव्या प्रणालीत चढवायला एका दुपारी तिघं बसले. माऊस हिरालालकडे, कारण आता मंडळात सगळ्यात जाणता तोच. त्र्याण्णव नावं घालून झाली. दोन नवे पेन ड्राइव्ह टेबलावर होते, सौमित्रने सही घेऊन दिलेले. फाईल जपून ठेवायची वेळ आली तेव्हा पडद्यावर एक चौकट उघडली, आणि श्यामकांतांनी ती सवयीप्रमाणे मोठ्याने वाचली. ह्या फाईलला पासवर्ड लावायचा का?

अनंतरावांच्या कपाळावर घाम आला. श्यामकांतांना तो दिसला, आणि आपलाही आलाय हे कळलं. हिरालालने चौकटीकडे पाहिलं, बोट माऊसवर ठेवलं आणि तोंड उघडलं. त्यातून नुसता 'ह' बाहेर पडला असेल नसेल, दोन्ही बाजूंनी दोन म्हाताऱ्यांनी त्याचं मनगट घट्ट धरलं.